फाटका मांडा करणारीचा

त्या उन्हाळ्यात माझे मांडे का फाटतात, या प्रश्नावर आमच्या गल्लीत जेवढी डोकी चालली तेवढी कुठल्या निवडणुकीतही चालली नसतील. आधी गव्हाला दोष दिला गेला. मग गिरणीवाल्याला. मग खापर बदललं. एका शेजारणीने नळाच्या पाण्यात हल्ली औषध जास्त घालतात असं सांगितलं, तर नळाचं पाणी बंद करून बोअरचं सुरू झालं, आणि त्या बोअरच्या बादल्या मीही मुकाट्याने वाहिल्या. सगळे कारण शोधत होते आणि कारण माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखात होतं. हे फक्त मला माहीत होतं.

पण नीट सुरुवातीपासून सांगते. धुळ्यात एका घराच्या मागच्या पडवीत आम्ही ऑर्डरप्रमाणे पुरणाचे मांडे करून देतो. लाकडाची चूल, तिच्यावर उपडं घातलेलं मातीचं खापर, आणि लग्नसराई ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एवढ्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नाही. ज्यांचं घर आणि ज्यांचं काम, त्या अक्का. साठी केव्हाच उलटली, गुडघे गेले, आवाज मात्र चुलीपासून रस्त्यापर्यंत पोचतो. मांडा करायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. कणीक मळायला एक मावशी आहेत, शिरपूरकडच्या. त्यांच्या कणकेला आमच्याकडे तोड नाही. खापरावर मी. बाकी पुरण वाटायला, घड्या घालायला बाया येतात-जातात.

ज्यांनी मांडा होताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. कणीक इतकी सैल मळतात की ती हातातून ओघळते. तिच्यात मूठभर पुरण भरायचं, तळहातावर थापायचं, आणि मग या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत, झेलत झेलत वाढवत न्यायचं. लाटणं नाही, पोळपाट नाही. शेवटी तो पातळ होऊन दोन्ही हातांवर पसरतो, तेव्हा अंदाजाने खापरावर टाकायचा. चुकला की गेला. भाजला की गरम असतानाच त्याची घडी घालायची, नाहीतर नंतर तो कडक होतो. हे सगळं बोलायला लागतं त्याहून कमी वेळात होतं.

आणि आमच्याकडे नियम एकच, अक्कांच्या सासूच्या वेळेपासूनचा. फाटका मांडा करणारीचा. फाटलेला मांडा ऑर्डरीत जात नाही, नैवेद्यालाही चालत नाही. करणारीने तो खावा किंवा घरी न्यावा. यात मोठी चलाखी होती. आपला मांडा फाटला हे सगळ्यांदेखत कळायचं, म्हणून शिकाऊ बाया लाजेने लवकर शिकायच्या. मीसुद्धा तशीच शिकले. पुढे सात-आठ वर्षं माझा मांडा फाटला नाही म्हटलं तरी चालेल. चोपड्यापर्यंतच्या लग्नांत माझे मांडे गेले आहेत. बाया विचारायच्या, खापरावर तीच बाई आहे ना? मला त्याचा माज होता, तो मी लपवत नाही.

आता खाण्याचं सांगते. मला लहानपणी खायला मिळालं नाही, म्हणून मी खाते, असं काही नाही. आमच्या घरी कधी कमी नव्हतं. कुणी गेलं, कुणी सोडलं, असंही झालेलं नाही. लोकांना कारण हवं असतं आणि माझ्याकडे ते नाही, याचाच मला जास्त वैताग आहे. एवढंच सांगता येतं की कधीतरी दुपारी, काम जोरात चालू असताना, डोक्यात एकच गोष्ट घुसते आणि मग ती बाहेर निघत नाही. ती भूक नसते. भूक जेवल्यावर थांबते. हे दोन मांडे खाल्ल्यावर सुरू होतं.

पहिला मांडा खरंच फाटला होता. घाईत हातातून गेला. मी तो बाजूला ठेवला आणि नंतर गुळाच्या ढेपा ठेवतो त्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या खाल्ला. नियमाने तो माझाच होता, कुणाला विचारायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्या खोलीची आठवण झाली. तेव्हा हातावर जो मांडा होता त्याच्या कडेला अंगठ्याचं नख कधी लागलं ते मला कळलंही नाही. की कळलं? मी यावर खूप वेळा विचार केला आहे. कळलं होतं.

त्यानंतर रोज एक, मग दोन, मग आठवड्यात एखाद्या दिवशी सहा-सात. गुळाच्या खोलीत दार लोटून, पटापट, चव न घेता. फाटके मांडे मी घरी नेते, असाच सगळ्यांचा समज. पुरण गरम असायचं, टाळू भाजायची. तिसऱ्यानंतर ते गोड लागतही नव्हतं, नुसतं आत ढकलायचं. मग तोंड धुवायचं, पदराने पुसायचं आणि खापरापाशी येऊन उभं राहायचं. पोट इतकं फुगलेलं की वाकता येत नसे, आणि स्वतःचा इतका राग की समोरच्या बाईशी धड बोलता येत नसे. घरी जाऊन मी अर्धी भाकरी खायचे. नवरा म्हणायचा, दिवसभर चुलीपुढे राबते, हिचं खाणंच मेलं आहे.

मी काही हातपाय गाळून बसले नव्हते. उपाय केले. आधी दाढेत लवंग धरून काम केलं. तोंड बधिर झालं, हात चालूच राहिला. मग चतुर्थी, गुरुवार, शनिवार असे उपास धरले. उपास असला म्हणजे मांड्याला तोंड लावता येणार नाही, असा माझा सरळ हिशोब. पण खान्देशात उपास जाहीर करणं म्हणजे जेवणाचं आमंत्रण देणं आहे. पहिल्याच गुरुवारी अक्कांनी साबुदाण्याची खिचडी केली, घडी घालणाऱ्या बाईने शेंगदाण्याचे लाडू आणले, आणि केळीच्या वेफर्सची पिशवी चुलीशेजारी उघडी राहिली. "खाय व माय, उपास शे तुना," असं म्हणत तीन बाया माझ्या मागे लागल्या. मांडे टळले त्या दिवशी मी तेवढ्याच घाईने वेफर्स संपवले.

मग मास्क. साथीच्या काळातले उरलेले मास्क घरात होते, त्यातला एक लावून खापरापाशी उभी राहिले. तोंडच झाकलेलं म्हटल्यावर खाणार कशी? त्या धगीत मास्क लावून तासभर उभं राहून पाहा. आणि झालं काय, तर अक्कांना ती स्वच्छता फार आवडली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मास्क. आठवडाभर पडवीतल्या सगळ्या बाया घामाघूम होऊन मला शिव्या घालत होत्या, आणि मी गुळाच्या खोलीत मास्क हनुवटीवर ओढून खात होते.

शेवटी जळगावला डॉक्टरकडे गेले. धुळ्यात गेले असते तर दवाखान्याच्या पायरीवरच कुणीतरी भेटलं असतं. जळगावला बहीण आहे, तिला भेटण्याचं निमित्त होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे ऐकणाऱ्या. काय काम करता, विचारलं. म्हटलं, पुरणाचे मांडे करते. तर त्या पुढे सरकून म्हणाल्या, "खापरावरचे? जळगावला ऑर्डर घेता का हो?" मला हसावं की उठून जावं कळेना. पण पुढे त्या नीट बोलल्या. हा आजार आहे, नुसता हावरटपणा नाही, असं स्पष्ट म्हणाल्या. सकाळी उपाशी कामावर जायचं नाही. दुपारचं जेवण वेळेवर, बसून, ताटात घेऊन. इच्छा उसळली की ती थोड्या वेळाने ओसरते, तेवढा वेळ थांबायचं. आणि शेवटचं, जिथे काम करता तिथल्या एका तरी माणसाला सांगायचं.

सकाळची भाकरी मी सुरू केली. दुपारचं ताटही घेऊ लागले. त्याचा फरक पडला, खोटं का बोलू? पण थांबायचं कसं? मांडा खापरावर टाकला की मी दहा श्वास मोजत बसू की तो उलटू? आणि ते शेवटचं तर मी ऐकलंच नाही असं धरलं. कुणाला सांगायचं? काय सांगायचं? की ज्या हाताचं तुम्ही कौतुक करता तोच हात मुद्दाम तुमचा माल फाडतो?

मधल्या काळात तपास जोरात चालू होता. गहू बदलला, दुसऱ्या गिरणीतून सपीठ आलं, पुरण दोनदा चाळलं गेलं. अक्कांनी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, सगळ्या बाया खोकून खोकून बेजार. "तुना हातले नजर लागनी," असं त्या चारचौघांत म्हणाल्या, आणि मी मान खाली घालून उभी राहिले. माझा हात बिघडला असं लोक म्हणायला लागले, ते मला झोंबलं. पण दुसरं जे म्हणाले असते ते त्याहून झोंबलं असतं. म्हणून मी गप्प बसले. हात बिघडलेली बाई व्हायला मी तयार होते, खादाड बाई व्हायला नव्हते.

पण मांडे फाटायला दोनच माणसं कारण असू शकतात, करणारी आणि मळणारी. माझ्यावरची नजर उतरवून झाली तेव्हा अक्कांचं लक्ष मावशींकडे गेलं.

मावशींना ते कुणी तोंडावर सांगितलं नाही. पण परातीजवळ अक्का येऊन उभ्या राहू लागल्या, कणीक दोन बोटांनी ओढून पाहू लागल्या. मावशी आधी यायच्या त्याहून तासभर लवकर येऊ लागल्या. मळून झालेली कणीक पुन्हा मळायच्या. त्यांची मनगटं सुजली, त्यांवर त्यांनी हळदीचा लेप लावला, आणि हळद कणकेत उतरेल म्हणून वर फडकं बांधलं. एकदा मला हळूच म्हणाल्या, "काय चुकस व मनं? तू सांग, तुना हातमा जास ती कनीक." मी म्हटलं, काही चुकत नाही मावशी. आणि त्याच दुपारी चार मांडे फाडले.

एका सोमवारी अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोंडाईच्याची एक बाई गुरुवारी येते आहे, मळायला. "मावशीले आते व्हत नही. वय व्हयनं. आखाजीनी ऑर्डर माले बिघडाडनी नही." मावशींना गुरुवारी सांगणार होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस माझ्या हातात होते. त्या तीन दिवसांत मी तोंड उघडलं ते फक्त खायला. हे लिहिताना मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गुरुवारी ती बाई पिशवी घेऊन आली. मावशी परात धूत होत्या. अक्का त्यांना म्हणाल्या, आता आराम करा, लेकीकडे जाऊन राहा चार महिने. मावशींनी परात पालथी घातली, मनगटाचं फडकं सोडलं आणि त्याची घडी घालू लागल्या. भांडल्या नाहीत. ती घडी त्या इतक्या निगुतीने घालत होत्या की माझं डोकंच फिरलं.

"अक्का, कनीक चांगली शे," मी म्हटलं. "मी नखघाई फाडस. मीच फाडस. खावासाठे."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "देखा," त्या बाकीच्या बायांना म्हणाल्या, "मावशीले वाचाडाले सोतावर लेस. मन मोठं शे इनं."

मी कपाळावर हात मारला. इतके महिने जे सांगायला जीव जात होता ते सांगितलं, तर त्यावर विश्वासच बसेना. उलट मी देवमाणूस ठरले. एका बाईने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी ओरडले, अहो मी खोटं नाही बोलत, मी गुळाच्या खोलीत जाऊन खाते! त्यावर घडी घालणारी बाई म्हणाली, "तू? तू तर एवढंसं जेवते." दोंडाईच्याची बाई बिचारी पिशवी हातात धरून उभी.

तेव्हा मला भयंकर राग आला, आणि बरं झालं आला, कारण नाहीतर मी तिथेच गप्प बसले असते. मी म्हटलं, मावशींनी सकाळी मळलेली कणीक आहे ना, आणा ती इकडे. चूल पेटलेलीच होती. सगळ्यांदेखत मी वीस मांडे केले. एक फाटला नाही. तेच सपीठ, तीच कणीक, तेच बोअरचं पाणी. एकविसावा हातावर पसरला तेव्हा मी हात वर धरले आणि सगळ्यांना दिसेल असं अंगठ्याचं नख कडेला लावलं. तो कडेपासून आत उसवत गेला. तसाच खापरावर टाकला, भाजला आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवला.

मावशी उठल्या. त्यांनी तो मांडा उचलून उजेडात धरला, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कनीक बिघडनी तं मांडा मधमा फाटस, पुरन जड पडस तठे. हाऊ कोरले फाटेल शे." कणकेने फाटलेला मांडा मधोमध फाटतो, हा कडेने फाटला आहे. इतके महिने फाटके मांडे त्यांना जवळून बघायला मिळालेच नव्हते, कारण ते सगळे माझ्या पोटात जात होते. त्यांनी मांडा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया वगैरे काही नव्हती. हळद लावलेली दोन्ही मनगटं त्यांनी माझ्यापुढे धरली आणि परत जागेवर जाऊन बसल्या.

अक्कांना अखेर पटलं. पटलं म्हणजे काय, तर, "खावाना व्हता तं मांगी लेती! मी काय नही म्हंती का?" आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी निघताना दोन अख्खे मांडे कागदात बांधून माझ्या हातात. बाईला खायला कमी पडतं, असा त्यांनी अर्थ लावला. मी चार दिवस ते पुडकं वाटेतल्या गाईंना घातलं आणि पाचव्या दिवशी अक्कांना समोर बसवून डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं सांगितलं. किती कळलं माहीत नाही. पण पुडकं बंद झालं, आणि गुळाच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली मावशींच्या कमरेला. नियमही बदलला. फाटका मांडा आता मळणारीचा. मावशींना साखरेचा आजार आहे, त्या तो गाईला घालतात. दोंडाईच्याची बाई दुपारच्या एसटीने परत गेली, तिला अक्कांनी रिकाम्या हाताने पाठवलं नाही.

मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. कणकेची परात माझ्यापुढे ठेवायच्या आणि वळायच्या. आखाजी गेली, आंब्यांचे दिवस संपले, तरी तेच. मी माफी मागितली, दोनदा मागितली. त्या म्हणाल्या, ठीक शे, आणि परात घासत राहिल्या. मला त्याचा राग यायचा आणि रागवायचा हक्क नाही म्हणून आणखी यायचा.

इच्छा अजून येते. गेली असं सांगणारी मी नाही. नखं मी रोज सकाळी बघते, वाढली असली तर कापते. दुपारी डोकं फिरायला लागलं की खापर घडी घालणाऱ्या बाईकडे देते आणि रस्त्यावर जाऊन उभी राहते. ओसरते कधी कधी. कधी ओसरत नाही, तेव्हा घरी जाऊन दुसरंच काहीतरी खाते, आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगते. त्या रागवत नाहीत. ऑर्डरचं मात्र अजून विचारतात.

गेल्या आठवड्यात एका बारशाची ऑर्डर होती. मांडा हातावर पसरला आणि फाटला. मी काहीच केलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. पण अंगठ्याकडे पाहिलं आणि मला खात्री देता येईना. एवढ्या महिन्यांनी माझ्याच हातावर माझाच विश्वास बसत नव्हता. पडवीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. "खरंच फाटला," मी ओरडले, "मी नाही फाडला!" कुणी विचारलंही नव्हतं.

मावशी परातीवरून उठल्या. हात पुसत आल्या, खापरावरून मांडा काढला, उजेडात धरला, फाटलेल्या जागी बोट फिरवलं.

"मधमा फाटना," त्या म्हणाल्या. "मनी चूक शे. आज पानी जास्त पडनं."

आणि परत जाऊन कणकेत मूठभर सपीठ टाकून मळायला बसल्या.